शाळा सुटली, बिऱ्हाडं आली

प्रश्न : मुलाकडे मॅसॅच्युसेट्सला गेलो होतो. त्याचा एक सहकारी शंभर वर्षांपूर्वीच्या शाळेत राहतो. म्हणजे शाळा केव्हाच बंद झाली, आता तिथे सदनिका आहेत. पण दिवाणखान्याच्या भिंतीवर पाटीच्या दगडाचा काळा फळा तसाच आहे आणि बाहेरच्या ऐसपैस बोळात मुलांची लोखंडी कपाटंही रांगेने उभी आहेत. ही मंडळी हे सगळं हौसेने ठेवतात का? आणि शाळेच्या इमारतीत संसार नीट होतो का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : हौस आहे, पण ती राहणाऱ्यांची. फळा आणि कपाटं जागच्या जागी राहिली, त्यामागे बहुधा इमारत विकत घेणाऱ्या बिल्डरचा हिशेब असणार. ती उखडली असती तर सरकारकडून मिळणाऱ्या मोठ्या सवलतीवर पाणी सोडावं लागलं असतं. त्या सवलतीकडे पुढे येऊच. आधी तुमचा दुसरा प्रश्न घेऊ, कारण शाळेत संसार होतो आणि फार चांगला होतो. याचं श्रेय शंभर वर्षांपूर्वीच्या शाळा-बांधणीच्या नियमांना द्यायला हवं.

अमेरिकेत साधारण १८९० ते १९३० या काळात शहरोशहरी विटांच्या भक्कम शाळा उभ्या राहिल्या. त्यातला एक वर्ग सुमारे ७०० ते ९०० चौरस फुटांचा. मुंबई-पुण्याच्या माणसाला हा आकडा ऐकताच 'वन बीएचके' आठवेल, आणि तेच तिथेही घडलं : एक वर्ग, एक सदनिका. छत बारा ते चौदा फूट उंच. विजेचे दिवे मिणमिणते होते किंवा नव्हतेच, तेव्हा वर्गात उजेड यायचा तो खिडक्यांतून. खिडक्यांचं क्षेत्रफळ जमिनीच्या निदान एक पंचमांश असावं, असा दंडक तेव्हाच्या शाळा-बांधणीत रूढ होता. बाकंही अशी मांडायची की उजेड मुलांच्या डाव्या हाताने यावा, म्हणजे उजव्या हाताने लिहिताना वहीवर हाताची सावली पडत नाही. त्यामुळे वर्गाच्या एका लांब भिंतीत ओळीने भल्या उंच खिडक्या. आज त्याच खिडक्यांसाठी भाडेकरू चार पैसे जास्त मोजतात.

दुसरी गोष्ट जिन्यांची. मार्च १९०८ मध्ये ओहायो राज्यात क्लीव्हलंडजवळच्या कॉलिनवुड गावातल्या शाळेला आग लागली आणि १७० हून अधिक मुलं गेली. पुढे १९५८ मध्ये शिकागोच्या एका चर्च-शाळेत आगीने ९२ मुलांचा आणि तीन शिक्षिका-जोगिणींचा बळी घेतला. असल्या प्रत्येक दुर्घटनेनंतर नियम कडक होत गेले : दोन्ही टोकांना रुंद जिने, बाहेरच्या बाजूला उघडणारी दारं, न जळणाऱ्या भिंती. राहत्या इमारतीला अग्निशमन खातं नेमकं हेच मागतं. जुनी गिरणी किंवा गोदाम राहतं करताना जिने नव्याने बांधावे लागतात. शाळेत ते आयते मिळतात.

तिसरी सोय नळांची. शाळेत वर्गावर वर्ग रचलेले असतात, म्हणून पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप खालपासून वरपर्यंत सरळ नेता येतात. वर्गालगत मुलांचे कोट टांगायची चिंचोळी खोली असे, तिथे न्हाणीघर किंवा स्वयंपाकघर बसतं. जमीन शेकडो मुलांच्या उड्या सोसायला बांधलेली, त्यामुळे तिच्या मजबुतीची काळजी सहसा नसते.

अडचणी तीन. उंच खोल्या थंडीत तापवायला खर्च येतो. जुन्या रंगात शिसं आणि जुन्या पाइपांच्या वेष्टणात अ‍ॅस्बेस्टॉस असतं. घरांसाठी शिशाचा रंग अमेरिकेत १९७८ मध्येच बंद झाला, त्यामुळे त्याआधीच्या इमारतीत तो असणार असं धरूनच काम सुरू होतं. आणि मोठं सभागृह व व्यायामशाळा यांचं काय करायचं, हा खरा डोकेदुखीचा प्रश्न. त्यांचे तुकडे पाडले तर इमारतीचा प्राण जातो, नाही पाडले तर भाडं येत नाही. बहुतेक ठिकाणी त्या जागा रहिवाशांच्या सामायिक वापरासाठी मोकळ्या ठेवतात.

सगळ्याच शाळा मात्र अशा वळत नाहीत. १९७० च्या सुमारास 'भिंती नसलेले वर्ग' ही कल्पना तिथे जोरात होती. त्या काळात रुंद, बुटक्या आणि मधल्या भागात एकही खिडकी नसलेल्या शाळा बांधल्या गेल्या. खिडकी नसलेल्या खोलीला कायदा शयनगृह मानत नाही. त्यामुळे १९१० ची शाळा सहज घर होते आणि १९७५ ची सहसा जमीनदोस्त होते.

प्रश्न : एवढ्या धडधाकट शाळा बंद का पडल्या? मुलं कुठे गेली? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : काही मुलं जन्मलीच नाहीत, काही उपनगरांत गेली आणि काहींना बस मिळाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जन्मांची लाट आली, ती १९६४ च्या सुमारास ओसरली. त्यापाठोपाठ सरकारी शाळांचा पट १९७१ मध्ये शिगेला पोचला आणि पुढची बारा-तेरा वर्षं घसरत गेला. त्याच काळात मध्यमवर्गीय गोरी कुटुंबं शहर सोडून उपनगरांत गेली, म्हणून शहराच्या पोटातल्या जुन्या शाळा सगळ्यात आधी ओस पडल्या.

खेड्यांची गोष्ट त्याहून जुनी. १९३० च्या सुमारास अमेरिकेत एकशिक्षकी शाळा जवळजवळ दीड लाख होत्या. रस्ते झाले, शाळेच्या पिवळ्या बस आल्या आणि चार गावांच्या शाळा मिळून एक मोठी शाळा काढणं सोपं झालं. शाळा चालवणारी स्थानिक मंडळं १९४० मध्ये सुमारे १ लाख १७ हजार होती, १९९० पर्यंत ती जेमतेम १५ हजार उरली. मंडळ विलीन झालं की त्याची इमारत मोकळी. एका खोलीच्या कितीतरी शाळा तेव्हापासून एकेका कुटुंबाची घरं झाल्या आहेत.

मोठ्या शाळा-इमारतींचा विचार १९७० च्या दशकात सुरू झाला. मॅसॅच्युसेट्सच्याच ग्लॉस्टर या कोळ्यांच्या बंदरगावात 'सेंट्रल ग्रामर' नावाची जुनी शाळा तेव्हा ज्येष्ठ नागरिकांसाठी सदनिकांत बदलली. सुरुवातीच्या अशा प्रयोगांमध्ये तिचं नाव घेतलं जातं. ज्येष्ठांसाठीच का, तर त्यांना खोल्या कमी लागतात, मोटारी कमी असतात आणि शाळा बहुधा गावाच्या मध्यावर असते : दवाखाना, पोस्ट, चर्च सगळं चालत जाण्याच्या अंतरावर.

प्रश्न : सवलतीचा उल्लेख केलात, पण जुनं पाडून नवं बांधणं कधीही स्वस्त पडतं असं आमचे कंत्राटदार सांगतात. तिकडे बिल्डरला परवडतं कसं? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमचे कंत्राटदार फार चुकत नाहीत. जुन्या इमारतीत भिंत उघडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही, म्हणून अंदाजपत्रक नेहमी फुगतं. अमेरिकेनेही ते मान्य केलं आणि तो वाढीव खर्च करातून भरून द्यायचं ठरवलं.

त्याआधी तिथला कर-कायदा पाडणाऱ्याच्या बाजूने झुकलेला होता. नव्या इमारतीवर घसारा जास्त मिळे, पाडकामाचा खर्चही वजा होई. १९७६ च्या कर-कायद्याने ते पारडं पहिल्यांदा फिरवलं. १९७८ मध्ये जुन्या इमारतींच्या पुनर्वापरासाठी थेट करसूट आली, १९८१ मध्ये ऐतिहासिक इमारतींसाठी ती २५ टक्के झाली आणि १९८६ पासून आजतागायत ती २० टक्के आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर ही सूट एकदम मिळत नाही, पाच वर्षांत दर वर्षी ४ टक्के अशी मिळते.

समजा, एका शाळेच्या दुरुस्तीवर १ कोटी डॉलर खर्च झाले. त्यातले २० लाख डॉलर देय करातून वजा होणार. इथे उत्पन्नातून नव्हे, थेट करातून वजावट आहे, हा फरक मोठा. पण बिल्डरचा स्वतःचा कर तेवढा भरतोच असं नाही. म्हणून एखादी बँक किंवा विमा कंपनी प्रकल्पात भागीदार होते, सूट आपल्या खात्यात घेते आणि त्या बदल्यात बांधकामाच्या वेळी रोख पैसे ओतते. अनेक राज्यं वर आपली सूट देतात. मिझुरी राज्याने १९९८ पासून २५ टक्के सूट दिली आणि सेंट लुईस शहरातल्या जुन्या इमारतींना एकदम गिऱ्हाईक आलं. केंद्राचे २० आणि राज्याचे २५ धरले की कंत्राटदाराचा 'पाडणं स्वस्त' हा सिद्धांत डळमळतो.

अर्थात सरकार फुकट देत नाही. इमारत राष्ट्रीय वारसा यादीत असावी लागते किंवा यादीतल्या ऐतिहासिक परिसराचा भाग असावी लागते. इमारतीच्या हिशेबी किमतीपेक्षा, म्हणजे जमीन सोडून उरलेल्या किमतीपेक्षा, दुरुस्तीचा खर्च जास्त हवा. रंग-सफेदी करून सूट मागता येत नाही. पाच वर्षांच्या आत इमारत विकली तर उरलेल्या वर्षांच्या प्रमाणात सूट परत घेतली जाते. आणि काम दहा ठरीव निकषांनुसारच व्हायला हवं. अर्ज तीन टप्प्यांत जातो : इमारत का महत्त्वाची, काय करणार, काय केलं. आधी राज्याचं वारसा कार्यालय तो बघतं आणि अखेरचा शिक्का राष्ट्रीय उद्यान सेवेचा. यलोस्टोनच्या अस्वलांवर देखरेख करणारं तेच खातं शाळेच्या खिडकीची चौकट कशी असावी हेही ठरवतं.

नाशिकच्या वाचकांचा फळा इथे वाचला. शाळेचा रुंद बोळ हा तिच्या ऐतिहासिक रूपाचा भाग मानला जातो. तो अरुंद करून सदनिका मोठ्या करायला मनाई. वर्गांची दारं, दारावरच्या काचेच्या झडपा, फळे, कपाटं शक्य तिथे ठेवायची. छताखाली खोटं छत ठोकून खिडकीचा वरचा भाग झाकायचा नाही. सगळ्यात जास्त वाद होतात ते खिडक्यांवरून. बिल्डरला नवीन अ‍ॅल्युमिनियमच्या हव्या असतात, अधिकारी जुन्या लाकडी दुरुस्त करायला सांगतात आणि शेवटी पुष्कळदा जुन्या खिडकीला आतून दुसरी काच बसवून तोडगा निघतो.

प्रश्न : ही सूट स्वतःच्या जुन्या घरालाही मिळते का? इथे जुनी घरं इतकी नीट राखलेली कशी दिसतात? — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : स्वतः राहत असलेल्या घराला केंद्राची ही सूट मिळत नाही. इमारत उत्पन्न देणारी हवी. म्हणून घर भाड्याने द्यायचं असेल, त्यात चार सदनिका पाडायच्या असतील, तर मालक अर्ज करू शकतो. जुन्या मोठ्या घरांचं पुनर्वसन पुष्कळ ठिकाणी याच वाटेने झालं. काही राज्यं मात्र राहत्या घरालाही आपली सूट देतात. तुमच्या राज्याचा नियम वेगळा तपासा.

एक गैरसमज इथेच दूर करू. राष्ट्रीय वारसा यादी १९६६ च्या कायद्याने आली, पण तिच्यात नाव असल्याने खासगी मालकाचे हात बांधले जात नाहीत. स्वतःच्या पैशाने तो घर बदलू शकतो, पाडूही शकतो. यादी मान देते, सवलतीचं दार उघडते. बंधन घालतात ते गावांचे स्वतःचे नियम. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनने १९३१ मध्ये देशात पहिल्यांदा असा ऐतिहासिक विभाग आखला. अशा नियमांनी मालमत्तेचा हक्क हिरावला जातो का, हा वाद १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल रेल्वे स्टेशनच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयात गेला आणि न्यायालयाने शहराच्या बाजूने कौल दिला.

जॉर्जियातल्या सॅव्हाना शहराची युक्ती मला जास्त उपयोगाची वाटते. १९५४ मध्ये तिथली जुनी मंडई पाडून गाड्या उभ्या करायला जागा केली गेली. चिडलेल्या सात स्त्रियांनी १९५५ मध्ये संस्था काढली आणि पैसे जमवून १८२० चं डेव्हनपोर्ट घर पाडण्यापासून वाचवलं. ते पुढे संग्रहालय झालं. पण शहरभर संग्रहालयं कोण चालवणार? म्हणून त्यांनी फिरता निधी उभारला. मोडकळीला आलेलं घर विकत घ्यायचं, ते जपण्याची आणि ठरावीक मुदतीत दुरुस्त करण्याची अट खरेदीखतातच घालायची आणि राहणाऱ्या माणसाला विकायचं. आलेल्या पैशातून पुढचं घर. शेकडो घरं अशी वाचली. संस्थेकडे एकही घर फार दिवस राहत नाही, अट मात्र कागदावर कायम राहते.

प्रश्न : मुलगी लंडनला असते. तिच्या इमारतीच्या एका दारावर दगडात 'मुलगे' आणि दुसऱ्यावर 'मुली' असं इंग्रजीत कोरलंय. तिथेही हीच सवलत आहे का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : इमारत बहुधा 'बोर्ड स्कूल' असणार. १८७० च्या शिक्षण कायद्याने इंग्लंडमध्ये निवडून आलेली शाळा-मंडळं आली. लंडनच्या मंडळाने ई. आर. रॉब्सन या वास्तुशिल्पकाच्या देखरेखीखाली गरीब वस्त्यांत विटांच्या तीन-तीन मजली शाळा बांधल्या. मुलगे, मुली आणि बालवर्ग यांना वेगवेगळे मजले आणि वेगवेगळी दारं होती. आजूबाजूच्या बुटक्या चाळींपेक्षा या इमारती इतक्या उंच की आजही रेल्वेतून जाताना ओळखू येतात. १९०४ मध्ये मंडळ बरखास्त झालं, शाळा राहिल्या, आणि त्यातल्या बऱ्याच आता महागड्या सदनिका आहेत.

कराचा कल मात्र तिथे उलटा आहे. ब्रिटनमध्ये नवं घर बांधलं तर मूल्यवर्धित कर शून्य, जुन्या घराच्या दुरुस्तीवर २० टक्के. वारसा इमारतींतल्या मंजूर बदलांना मिळणारी माफीही २०१२ मध्ये काढून घेतली. शाळेसारखी बिनराहती इमारत राहती करायची असेल तर दर ५ टक्के, एवढीच फट. तरी शाळा वाचल्या, कारण लंडनमध्ये घरांचे भाव गगनाला भिडलेत आणि वारसा यादीतली इमारत पाडायला तिथे खरोखर परवानगी लागते.

प्रश्न : ज्या वस्तीची शाळा गेली, तिथल्या लोकांना या घरांत जागा मिळते का? की शाळाही गेली आणि घरंही परक्यांची? — एक वाचक, मुंबई

उत्तर : दोन्ही घडतं, आणि काय घडणार हे दुसऱ्या एका करसवलतीवर ठरतं.

१९८६ मध्येच अमेरिकेत कमी उत्पन्नवाल्यांच्या भाड्याच्या घरांसाठी वेगळी करसूट सुरू झाली. ती घेणाऱ्याला ठरलेल्या सदनिका त्या भागातल्या मध्यम उत्पन्नाच्या साधारण ६० टक्क्यांपर्यंत कमावणाऱ्या कुटुंबांसाठी राखाव्या लागतात. ही अट आता साधारणपणे तीस वर्षं टिकते. वारसा सूट आणि ही सूट एकत्र घेता येतात. जिथे दोन्ही जोडल्या तिथे जुन्या शाळेत निवृत्त शिक्षक, परिचारिका, बसचालक राहताना दिसतात. जिथे फक्त वारसा सूट घेतली तिथे बाजारभाव, म्हणजे ज्याच्या खिशाला परवडेल तो.

शिकागोत २०१३ मध्ये एका फटक्यात जवळजवळ ५० सरकारी शाळा बंद झाल्या. बहुतेक कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या. त्याच वेळी बंद झालेली अपटाउन भागातली ग्रॅम स्टुअर्ट शाळा पुढे भाड्याच्या सदनिकांची इमारत झाली. इमारत वाचली याचा आनंद मानावा की वस्तीची शाळा गेली याचं दुःख, यावर तिथे आजही एकमत नाही. मला वाटतं हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. शाळा बंद करायची की नाही, हा शिक्षणाचा प्रश्न. बंद झाल्यावर त्या विटांचं काय करायचं, हा घरांचा. दुसऱ्याचं सुंदर उत्तर मिळालं म्हणून पहिल्याचं उत्तर बरोबर ठरत नाही.

प्रश्न : आपल्याकडे मराठी शाळा धडाधड बंद होताहेत आणि घरांची टंचाई आहे. मग शाळांची घरं का होत नाहीत? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : महाराष्ट्रात रहदारी पूर्वीपासून उलट्या दिशेने आहे : घरांच्या शाळा झाल्या. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली ती बुधवार पेठेतल्या भिड्यांच्या वाड्यात. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं ते मोरोबादादांच्या वाड्यात. दुसऱ्या बाजीरावाने राहायला बांधलेल्या विश्रामबागवाड्यात पुढे संस्कृत पाठशाळा भरली, नाना फडणिसांच्या वाड्यातही शाळेचे वर्ग भरले. नवा वापर मिळाला म्हणून यातले काही वाडे तगले. भिडे वाडा मात्र न्यायालयीन लढ्यात दशकं गेल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये, स्मारकासाठी, पाडावा लागला. तोवर तो दुरुस्तीपलीकडे गेला होता.

शाळेचं घर करायला आपल्याकडे चार कुलपं आहेत. पहिलं, आरक्षण. शहराच्या विकास आराखड्यात तो भूखंड शाळेसाठी राखलेला असतो. तो बदलायचा तर प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदलाची सगळी प्रक्रिया करावी लागते. दुसरं, विश्वस्त संस्था. शाळा चालवणारा ट्रस्ट असेल तर सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय मिळकत विकता येत नाही. तिसरं, जमीन सरकारने शिक्षणासाठी दिली असेल तर तिथे घरं बांधणं म्हणजे शर्तभंग. आणि चौथं, सगळ्यात जड कुलूप, चटई क्षेत्र निर्देशांक. दोन मजली शाळेच्या जागी वीस मजले चढवता येत असतील तर शाळेच्या भिंतीला किंमत उरत नाही. भाव जमिनीचा आणि आकाशाचा असतो, मधली इमारत फक्त अडथळा ठरते. आणि प्राप्तिकरात अमेरिकेसारखी सूट नाही, म्हणजे जपणाऱ्याला तराजूत टाकायला वजनच नाही.

यातल्या पहिल्या तीन कुलपांविरुद्ध ओरड करण्याआधी जरा थांबावं. अमेरिकेतल्या शाळा रिकाम्या झाल्या तेव्हा ती शहरं ओसरत होती. आपली शहरं भरत आहेत. मराठी शाळेचा पट घटला म्हणून त्या वस्तीत मुलं घटली असं होत नाही, ती दुसऱ्या शाळेत गेली. आज शाळेचा भूखंड घरांना दिला तर वीस वर्षांनी तेवढी मोकळी जागा त्या वस्तीत पुन्हा मिळणार नाही. शहरात शाळेची इमारत वाचनालयाला, पाळणाघराला, कामकरी स्त्रियांच्या वसतिगृहाला देणं बरं. जमीन हातची जाऊ नये.

जुन्या राहत्या इमारतींचा गुंता वेगळा. १९४७ च्या भाडे कायद्याने मुंबई-पुण्यातली भाडी १९४० च्या पातळीला गोठवली. मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली, पण मूळ आकडाच इतका लहान की त्यात छपराची कौलंही येत नाहीत. मालक दुरुस्ती करत नाही, भाडेकरू जागा सोडत नाही, आणि दोघेही बिल्डरची वाट बघतात. गिरणगावाचं तेच झालं. मॅसॅच्युसेट्सच्या लॉवेल शहरातल्या कापड गिरण्यांमध्ये आज सदनिका आहेत. मुंबईच्या गिरण्यांच्या जागी मनोरे आले, कुठे कुठे एखादी चिमणी शोभेला ठेवली.

असं नाही की काहीच केलं गेलं नाही. मुंबईच्या १९९५ च्या वारसा नियमावलीत एक शहाणी तरतूद आहे : वारसा इमारतीच्या मालकाला तिथे न वापरता आलेलं चटई क्षेत्र, परवानगीने, दुसरीकडे विकता येतं. म्हणजे आकाशाचा भाव मिळतो आणि भिंतही राहते. अट एकच हवी, की तो पैसा आधी त्याच इमारतीच्या दुरुस्तीत जावा. पणजीत जुन्या गोवा मेडिकल कॉलेजच्या इमारतीत २००४ पासून चित्रपट महोत्सवाची वर्दळ असते आणि फोंतेन्यासमधल्या जुन्या घरांत पाहुणे उतरतात. राहती घरं मात्र गोव्यातही कुलूपबंद पडतात, कारण वारसाहक्काच्या कायद्याने सगळ्या मुलांना हिस्सा आणि निम्मे हिस्सेदार परदेशी.

प्रश्न : आमचा वाईला वाडा आहे. आम्ही चौघे भाऊ, सगळे बाहेर. त्यात चार-पाच बिऱ्हाडांना भाड्याने देण्याजोग्या जागा करता येतील का? सुरुवात कुठून करावी? — एक वाचक, पुणे

उत्तर : करता येतील, कारण वाडाही शाळेसारखाच मापात बांधलेला असतो. दोन खांबांमधला खण हे त्याचं माप. एकेका बिऱ्हाडाला पुरे खण द्या, मधेच भिंत घालू नका. खण तोडला की वरच्या तुळईचा भार भलत्या जागी येतो. चौक सगळ्यांचा सामायिक ठेवा. तो बंद केला की आतल्या खोल्यांचा उजेड आणि वारा दोन्ही जातात.

वाड्याचा शत्रू पाणी. म्हणून पहिला पैसा छपराला : कौलं, पन्हळी, वळचण. दुसरा जोत्याला, म्हणजे पावसाचं पाणी भिंतीपासून दूर काढायला. तिसरा वाळवीला. एवढं झाल्याशिवाय फरशी आणि रंगाचा विषय काढू नका. मातीत किंवा चुन्यात बांधलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. आतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते आणि भिंत आतून पोखरते. चुन्याला चुनाच लावा. त्यात गूळ आणि बेलफळ घालणारे जुने गवंडी अजून मिळतात.

न्हाणीघर-संडास माडीवर कडीपाटाच्या जमिनीत बसवायचा मोह टाळा. एक नळ झिरपला तर पाच वर्षांत सागवानी कडी कुजते. परसाच्या बाजूला स्वतंत्र चौकट उभारून एकावर एक न्हाणीघरं घ्या आणि प्रत्येक बिऱ्हाडाला तिथून दार द्या. उद्या ती चौकट काढली तरी वाड्याला धक्का लागत नाही. अमेरिकेच्या दहा निकषांमधला शेवटचा निकष हेच सांगतो : नवी भर अशी घालावी की ती काढली तरी मूळ इमारत शाबूत राहील. विजेच्या तारा सगळ्या नव्या घ्या, कारण जुन्या वाड्यांना आगीचं भय मोठं. जिना एकच असेल तर मागच्या बाजूने दुसरा काढा.

माणूस निवडतानाही जपा. नुसत्या आरसीसीचा अनुभव असलेला अभियंता वाडा बघून 'धोकादायक' लिहून मोकळा होईल. लाकडी चौकटीच्या इमारती दुरुस्त केलेला वास्तुविशारद शोधा, त्याने केलेलं एखादं काम स्वतः जाऊन बघा आणि पहिल्यांदा फक्त मोजणी करून नकाशे काढायला सांगा. भाडेकरूंशी करार 'लीव्ह अँड लायसन्स' पद्धतीचे, नोंदणीकृत आणि मुदतीचे करा, म्हणजे जुन्या भाडे कायद्याचा पेच पुन्हा पडणार नाही.

आणि हे सगळं दुसऱ्या क्रमांकाचं. पहिलं काम चौघा भावांनी एका टेबलाशी बसायचं. मिळकत पत्रकावर कोणाकोणाची नावं लागली आहेत ते बघा, बहिणींचा हिस्सा विसरू नका. खर्च कोण किती घालणार, भाडं कसं वाटायचं, एखाद्याला बाहेर पडायचं असेल तर त्याचा हिस्सा कोणत्या भावाने घ्यायचा, हे लिहून नोंदवून टाका. जमलं तर सॅव्हानाच्या बायकांसारखी एक अट त्यातच घाला की वाडा पाडण्यासाठी विकायचा नाही. वाडे वाळवीने पडतात हे खरं, पण त्याआधी ते वाटणीच्या वादात वर्षानुवर्षं बंद राहिलेले असतात. तो करार सह्यांसकट तयार झाला की मग वास्तुविशारदाला फोन करा, आणि तोही पावसाळ्यापूर्वी.